काचेखालच्या जंगलातला ठसका

जळत्या लाल मिरचीचा वास नाकात शिरण्याआधी घशात शिरतो. इतर वासांना काही रीतभात असते... मोगरा आधी दारात उभा राहतो, कॉफी जिन्यावरून हाक मारते, न वाळलेल्या कपड्यांचा वास कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. मिरची मात्र न विचारता आत येते, घसा ओरबाडते, डोळ्यांत पाणी उभं करते आणि मग, सगळ्यात शेवटी, आपलं नाव सांगते. गेल्या फेब्रुवारीत हा वास मला अशा ठिकाणी भेटला, जिथे त्याने असण्याचं काहीएक कारण नव्हतं.

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच महिने गेले. या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर चवीने वाचत आले आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तरही देत आले — वारा असेल, उंदीर असेल, ॲसिडिटी असेल. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं की आमचे बाबा थांबायचे, पण ते मांजराला आधी जाऊ द्यायला. अशा घरात वाढलेली मी. तेव्हा पुढचं वाचून तुमच्यापैकी कोणाला माझ्या ॲसिडिटीविषयी काही सुचलं, तर मी ते मनाला लावून घेणार नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

आम्ही हॉलंडमधल्या उइटहॉर्नला राहतो, नदीपासून जवळच, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत. माझा नवरा निनाद झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत डेटा बघतो. मी त्याच्यामागोमाग डिपेंडंट म्हणून आले आणि आता फुलं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत काम करते. आमच्याकडे एक थंड, पांढरी खोली आहे. आलेल्या मालातली थोडी फुलं तिथे फुलदाण्यांत ठेवून ती किती दिवस तग धरतात हे पाहिलं जातं. मी त्यांना रोज हुंगते, पाकळी चिमटीत धरून बघते आणि कोण आधी मान टाकणार याचा अंदाज बांधते. मराठीत एम.ए. करून, कवितेतल्या गंधप्रतिमांवर पीएचडी करता करता मी या खोलीत पोचले हे ऐकून लोक हसतात. मला मात्र ती अगदी सरळ वाट वाटते.

तो प्रबंध अर्थातच अपुरा आहे. डच भाषेच्या परीक्षेचा शेवटचा पेपर राहिला आहे. निनादसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला एकच बाही आहे. हे सगळं मला लक्षात ठेवावं लागत नव्हतं, कारण तेव्हा माझ्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आल्या होत्या आणि त्यांना ते पाठ होतं. आई कधी रागावत नाहीत. पोळी लाटता लाटता, हवामानाविषयी बोलावं तशा म्हणतात, "मृणालचं सगळं सुरू छान होतं हो." एवढंच. वाक्य तिथे थांबतं... आणि न उच्चारलेला उत्तरार्ध मला दिवसभर ऐकू येत राहतो.

म्हणून मला ही शर्यत पुरी करायची होती. जिंकायची नव्हती — ते माझ्या पायांनाही हास्यास्पद वाटलं असतं. फक्त आयुष्यात एकदा, एक गोष्ट, शेवटाला न्यायची होती. आणि आई इथे असतानाच न्यायची होती.

पर्जन्यवनातून दिवसचे दिवस धावण्याच्या खऱ्या शर्यती पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला होतात. तिथे जायला मोठी रजा लागते आणि सापांशी बरं असावं लागतं. डच माणसाने यावरही तोडगा काढला आहे. ब्रेडा शहराच्या बाहेर, जिथे एके काळी टोमॅटोची काचघरं होती, तिथे एका कुटुंबाने एका अवाढव्य काचेच्या छपराखाली अख्खं जंगल लावलं आहे... ताड, रबर, केळी, वेली, धबधबा, लाकडी पूल, फुलपाखरं, पोपट आणि स्लॉथ जातीचा एक अतिशय आळशी प्राणी. फेब्रुवारीत तीन दिवस तिथे पर्यटक नसतात. त्या तीन दिवसांत तिथे अल्ट्रामॅरेथॉन चालते. वळणावळणाची एकच गोल पायवाट आणि तिच्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या. तिसऱ्या संध्याकाळची घंटा व्हायच्या आत ठरलेल्या फेऱ्या झाल्या तर पदक. नाही झाल्या तर टाळ्या.

"काचेच्या खोलीत पळायचं?" आईंनी विचारलं.

"खोली नाही आई, जंगल आहे. छतापर्यंत झाडं आहेत."

"आणि पळून कुठे पोचायचं?"

"कुठेच नाही. गोल गोल फिरायचं."

"मग प्रदक्षिणा तरी म्हण. निदान पुण्य लागेल."

निनाद चहात हसला, म्हणजे चहा त्याच्या नाकातून आला.

निघायच्या सकाळी मी बूट बांधत होते, तेव्हा आई मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. मी हात जोडले. दृष्ट काढायची म्हणजे मिरच्या जाळायच्या, मिरच्या जाळायच्या म्हणजे स्मोक अलार्म वाजणार, आणि अलार्म वाजला की शेजारची मारायका अंगावर झगा टाकून दारात येणार.

"आई, प्लीज. माझा विश्वास नाही आणि माझी ट्रेन आहे."

"विश्वास तुझा कशाला हवा? मिरच्या माझ्या आहेत."

"पण मला कोण दृष्ट लावणार?"

"ती फिजिओवाली. काय पिंढऱ्या आहेत तुझ्या, असं म्हणाली की नाही? तोंडावर म्हणाली!"

"अहो, पिंढऱ्या बघणं तिचं कामच आहे."

"तेच तर," आई म्हणाल्या. "रोज बघते."

मी तशीच निघाले. आईंनी मूठ उघडली नाही, पण बंद मुठीकडे एकदा आणि माझ्या पिंढऱ्यांकडे एकदा असं पाहिलं.

पहिला दिवस निव्वळ वासांचा होता. दार उघडताच कोणीतरी गरम, ओला टॉवेल चेहऱ्यावर दाबून 'घे आता श्वास' म्हणतंय असं वाटलं. मग हळूहळू त्या वाफेतून एकेक वास वेगळा होऊन पुढे आला. काळ्या मातीचा, शेवाळाचा, फुलपाखरांसाठी ताटल्यांत कापून ठेवलेल्या अतिपिकल्या संत्र्यांचा, आणि आम्ही पंचवीस-तीस माणसं होतो त्यांचा. बाहेर गारा पडत होत्या. काचेच्या छपरावर त्या तांदूळ सांडल्यासारख्या वाजत, आणि खाली आम्ही घामाने निथळत केळीच्या पानांखालून धावत होतो. वर ब्रेडा, खाली ब्राझील, मधे एक काच.

इथल्या जंगलात पाऊसही वेळापत्रकाने येतो. हेंक — काचघराचा मालक आणि शर्यतीचा प्रमुख, शिडीएवढा उंच, थंडीतही सॅंडल घालणारा — शिट्टी वाजवायचा आणि वरच्या नळ्यांमधून पाऊस सुरू व्हायचा. दुसरी शिट्टी झाली की बंद. हेंकचं नियमांवर मनापासून प्रेम होतं. सकाळी तो ते मोठ्याने वाचून दाखवायचा. पोपटांशी बोलू नये. पुलावर एकमेकांना ओलांडू नये. माघार घ्यायची असल्यास छातीवरचा नंबर काढून टेबलावर, त्याच्या हातात, द्यावा.

दुसऱ्या दिवशी माझी गाठ रोशनींशी पडली. वयाने माझ्या आईएवढ्या, पण इथे सगळ्यांना नावाने हाक मारायची रीत, म्हणून नुसत्या रोशनी. त्यांचा जन्म सुरीनामचा, राहणं हेगमध्ये. त्यांचे पणजोबा भारतातून सुरीनामला उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्या घरची सरनामी — तिकडे रुजलेली हिंदीची बोली — बोलत, मी सिनेमातली हिंदी बोलत असे आणि अडलं की दोघीही डचमध्ये उतरत असू. खरं जंगल पाहिलेल्या आमच्यातल्या त्या एकट्याच.

"तिकडे असंच असतं का?" मी धापा टाकत विचारलं.

"अगदी असंच," रोशनी म्हणाल्या. "फक्त तिथे शिट्टी वाजवली तर पाऊस थांबत नाही. आणि कॅन्टीनमध्ये चीज सॅंडविच मिळत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यातलं सगळं संपलं. पायाच्या अंगठ्यांनी वेगळं घर केलं होतं. पोट पाण्याचा घोटही परत करत होतं. गुडघा प्रत्येक पायरीला काहीतरी बोलत होता आणि ते छापण्यासारखं नव्हतं. फेऱ्या इतक्या मागे पडल्या होत्या की माझ्या तेव्हाच्या वेगाने घंटेच्या आत त्या होणं शक्य नव्हतं. हा हिशोब मी धबधब्यामागच्या बाकावर बसून केला. समोरच्या फांदीवर तो स्लॉथ उलटा लटकून झोपला होता. तीन दिवसांत तो एक तसूही हलला नव्हता. सबंध जंगलात माझ्या वेगाला साथ देणारा तेवढाच एक जीव होता.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"निनाद, मी थांबतेय."

"बरं. गाडी घेऊन येऊ?"

माणसाने इतकंही समजूतदार असू नये. "निदान एकदा 'कर गं' म्हण ना!"

"कर गं. नाही तर येऊ गाडी घेऊन?"

तेवढ्यात पडद्यावर एक कपाळ आलं. आई व्हिडिओ कॉलवर नेहमी कुंकवापासून वरच दिसतात.

"बघू मला. अगबाई! तोंड बघ हिचं, कसं पार सुकलंय. निनाद, अरे, हिला दृष्ट लागलीय."

"दृष्ट नाही आई, अंगातलं पाणी संपलंय."

"किती राहिलं अजून?"

"बरंच."

"मग... राहू दे म्हणतेस?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी चिडून चार फेऱ्या तरी जास्त मारल्या असत्या. होती ती नुसती विचारपूस, 'भात थोडा राहिलाय, राहू दे का' असं विचारावं तशी. म्हणजे त्यांनी मनातून हेच गृहीत धरलेलं होतं. मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग उठले आणि टेबलाच्या दिशेने चालू लागले. चालता चालता नंबराच्या दोन टाचण्या काढल्या. तिसरी काढत होते. डाव्या हाताला रबराचं मोठं झाड, उजव्या हाताला संत्र्यांची ताटली, समोर दहा पावलांवर हेंक, कोणाला तरी पुलाचा नियम समजावत असलेला. हवेत नेहमीचं तेच होतं... माती, शेवाळ, संत्री, माणसं.

आणि घशात काहीतरी टोचलं.

मी खोकले. वाटलं, कोरडा घसा. पुन्हा खोकले. डोळे चुरचुरले, नाक पेटलं, आणि मग तो वास आपल्या नावासकट समोर येऊन उभा राहिला. तव्यावर काळ्या पडणाऱ्या लाल मिरच्या. खाली मोहरीचा जळका, किंचित कडवट वास. आणि त्याच्याही खाली तापलेल्या मिठाचा तो कोरडा, जवळजवळ वासच नसलेला वास, जो मिरची नसेल तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी फुलदाण्यांच्या खोलीत नाकावर पगार घेते. माझी चूक होणं अवघड आहे. तरी मला वाटलं, आता डोकंच गेलं. एवढ्यात हेंकचं वाक्य मधेच तुटलं आणि तो शिडीएवढा माणूस कमरेत वाकून खोकायला लागला. मग त्याच्या समोरचा. मग पुलावरचे दोघे धावपटू, एकमेकांना ओलांडत, नियम मोडून. कॅन्टीनची बाई ॲप्रन तोंडाला लावून धावत आली. काचेखाली सगळीकडून ठसके ऐकू येऊ लागले. पोपटही खोकला — की त्याने आमची नक्कल केली, देव जाणे. आणि त्या स्लॉथने, शपथेवर सांगते, एक डोळा उघडला.

हेंकने कशीबशी शिट्टी फुंकली. सवयीने कोणीतरी पावसाची कळ दाबली. तर अशा प्रकारे आम्ही सगळे खोकत, शिंकत आणि भिजत बाहेर पार्किंगमध्ये पळालो.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. स्वयंसेवकांनी प्रत्येकाला चंदेरी कागदाचं पांघरूण दिलं आणि आम्ही वर्ख लावलेल्या बर्फ्यांसारखे ओळीने उभे राहिलो. फायर ब्रिगेडची गाडी आली. माणसं मुखवटे चढवून, हवा मोजायचं यंत्र घेऊन आत गेली. सगळे 'गॅस', 'वायरिंग', 'क्लोरीन' असे शब्द कुजबुजत होते. रोशनी माझ्या शेजारी डोळे पुसत होत्या.

"मिर्चा," त्या शांतपणे म्हणाल्या.

"काय?"

"कोणीतरी मिरच्या जाळतंय. आमची आजी जाळायची, पोरांची नजर उतरवायला. अगदी हाच वास." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू पांढरी का पडलीस?"

मला त्या वासापासून, त्या विचारापासून आणि एकूणच ब्रेडापासून लांब जायचं होतं. मी हेंककडे गेले आणि हातातला चुरगळलेला नंबर पुढे केला.

"हेंक, मी थांबते. माघार."

हेंकने पाणावलेल्या डोळ्यांनी नंबराकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "आता घेता येणार नाही. घड्याळ थांबवलंय."

"म्हणून काय झालं?"

"शर्यत थांबलेली असताना शर्यतीतून माघार कशी घेणार? आत्ता शर्यतच नाही. घड्याळ सुरू झालं की ये, मग घेतो." आणि माझं पडलेलं तोंड पाहून तो समजुतीने पुढे म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे."

त्यामुळे मला थांबताच येईना. त्या थंडीत तासभर उभं राहून माझा सुजलेला गुडघा बधिर झाला आणि अखेर गप्प बसला. रोशनींनी डब्यातून उडदाचा एक बारा काढून दिला — आपल्या मेदुवड्याचा समुद्रापार गेलेला चुलतभाऊच तो — आणि माझ्या पोटाने तीन दिवसांत पहिल्यांदा एखादी गोष्ट परत केली नाही. फायर ब्रिगेडचा माणूस बाहेर आला तेव्हा त्याचा मुखवटा हातात होता. "आत काहीही नाही," तो म्हणाला. "हवा उत्तम आहे. केळ्यांचा छान वास येतोय."

याच वेळी फोन थरथरला. निनादचा मेसेज होता. तो जसाच्या तसा देते.

"तू फोन ठेवलास आणि आईने लगेच तुझ्या फोटोवरून दृष्ट काढली. मीच फोन धरून उभा होतो, सॉरी. अलार्म काढून फ्रिजमध्ये ठेवला होता. पण गंमत म्हणजे मिरच्या जळून कोळसा झाल्या तरी वास अजिबात आला नाही. आईने तव्यात नाक घातलं. काही नाही. आई म्हणतेय फार मोठी होती. गाडी घेऊन निघू का?"

ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगते, मिरच्या जाळल्यावर घरभर ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच. मिरच्या जळूनही वास आला नाही तर दृष्ट होती, आणि वास तिने गिळला. तो गिळलेला वास पुढे कुठे जातो, हे मात्र आजवर कोणी विचारलेलं मला माहीत नाही.

उइटहॉर्न ते ब्रेडा हे अंतर जवळजवळ शंभर किलोमीटर आहे.

मी निनादला एवढंच लिहिलं, "निघू नकोस." मग हेंकने शिट्टी वाजवली, घड्याळ सुरू झालं, आणि तो टेबलामागे बसून माझी वाट पाहू लागला. हात पुढे केलेला. मी त्याच्या समोरून गेले. त्या टाचण्या मी पुन्हा केव्हा लावल्या ते मला आठवत नाही.

त्या शेवटच्या फेऱ्यांचं वर्णन मी करू शकेन असं मला एरवी वाटलं असतं. पण खरं सांगते, त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. छपरावरचा उजेड आधी दुधासारखा झाला, मग शिशासारखा. ओल्या लाकडावर माझ्याच बुटांचा आवाज. एका फेरीनंतर गुडघा परत बोलायला लागला, पण आता आमची भाषा एक झाली होती. मिरचीचा वास कुठेही नव्हता. मी प्रत्येक फेरीला रबराच्या झाडापाशी नाक फुलवून शोधत होते, आणि तो नाही म्हणून हायसं वाटत होतं, आणि थोडं एकटंही.

हेंकने घंटेची दोरी हातात धरली होती तेव्हा मी शेवटच्या वळणावर होते. रोशनी पुलापलीकडून ओरडत होत्या, सरनामीत, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता. मी रेषा ओलांडली, माझ्यामागे घंटा झाली. शेवटून पहिली. पण आत.

घरी आल्यावर निनादने या प्रकरणाचा छडा लावायचं मनावर घेतलं. कॅन्टीनमध्ये मिरच्या होत्या का? नव्हत्या. वाटाण्याचं सूप आणि चीज सॅंडविच याशिवाय तिथे काही शिजत नाही, आणि सॅंडविच शिजतही नाही. झाडांवर काही फवारलं होतं का? फुलपाखरं आहेत म्हणून तिथे कधीच काही फवारत नाहीत. मग त्याने मोर्चा मिरच्यांकडे वळवला.

"मिरच्या जुन्या असणार. तिखटपणा उडालेला. आपण त्याच पाकिटातल्या परत जाळून बघू. कंट्रोल टेस्ट."

"जाळ," आई म्हणाल्या आणि शांतपणे बागेत जाऊन उभ्या राहिल्या.

निनादने शनिवारी भर दुपारी त्याच तव्यावर, त्याच पाकिटातल्या मिरच्या टाकल्या. पुढच्या मिनिटाला तो तोंडावर रुमाल धरून मागच्या दाराने बाहेर आला. अलार्म फ्रिजच्या आतून कोंडलेल्या कोंबड्यासारखा ओरडत होता, कारण तो अजून तिथेच होता आणि निनादने थंड पाण्यासाठी फ्रिज उघडला होता. मारायका अंगावर झगा टाकून दारात आली, दोनदा शिंकली आणि तिने विचारलं, "आज काय सण आहे तुमचा?"

तर मिरच्यांमध्ये काही दोष नव्हता. त्यानंतर निनाद या विषयावर बोलत नाही. त्याचं म्हणणं, डेटा कमी आहे.

मी आता या सगळ्यावर विश्वास ठेवते का? नाही म्हणते खरी. पण या सदरातला अनुभव वाचताना 'उंदीर असेल' असं आता पटकन म्हणवत नाही. कदाचित कोणाच्या तरी जाकिटाला फोडणीचा वास होता. कदाचित तीसेक माणसं एकमेकांचा खोकला ऐकून खोकली. कदाचित रोशनींना त्यांची आजी आठवायला आणि माझ्या नवऱ्याला दृष्ट काढल्याची बातमी कळवायला तीच दुपार सापडली. यातलं एकेक मला पटतं, सगळं एकत्र पटत नाही. माझ्यापाशी याचं उत्तर नाही.

आईंपाशी होतं. त्या आठवड्यात त्यांनी पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "इथे मिरच्या टाकल्या आणि तिथे घड्याळ थांबलं! हो, हो, बंबसुद्धा आला. मृणालला पदक मिळालं." प्रत्येक फोनमध्ये बंब मोठा होत गेला. मी आतल्या खोलीतून ऐकत असे, आणि दर वेळी ते पदक थोडं हलकं वाटायचं. कारण खरंच, तो तास मिळाला नसता तर मी टेबलावर नंबर ठेवून घरी आले असते. एक गोष्ट शेवटाला नेली खरी... पण नेली कोणी?

त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. खिडकीत हॉलंडचं पातळ ऊन होतं, आणि सोललेल्या शेंगांचा तो गोड, कच्चा, हिरवा वास. मी मनात धरून ठेवलेलं एकदाचं विचारून टाकलं.

"आई, एक विचारू? खरं सांगा हं, फोनवर सांगता तसं नको. त्या दिवशी शर्यत पुरी कोणी केली? मी, की तुमच्या मिरच्यांनी?"

आई हसतील असं वाटलं होतं. निदान बंबाचा विषय निघेल असं वाटलं होतं. त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली, दाणे पातेल्यात टाकले, साल बाजूला ठेवलं. मग पहिल्यांदा माझ्या पिंढऱ्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"तू."